भाचीला बोहल्यावर नेताना काय वाजवावं

मला चार भाच्या. तिघींची लग्नं झाली, त्यातल्या दोघींना हात धरून बोहल्यावर नेलं, चौथीचं लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, एन्ट्रीला गाणं कोणतं लावू? तुम्ही संगीताचे सर, तुम्हीच सांगा." शाळेत 29 वर्षं पेटी वाजवून पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या, म्हणून मी संगीताचा सर. पण या बाबतीत मला जे थोडंफार कळतं ते पेटीमुळे नाही, चालल्यामुळे. गौरीहरापासून बोहल्यापर्यंतची वाट मामाच्या वाट्याला येते. नवरीच्या तळहाताला किती घाम आलाय, शालूचा काठ पायात कितीदा येतोय आणि त्या जागेवर स्पीकरमधून नेमकं काय ऐकू येतंय, हे तिच्याखालोखाल मामालाच कळतं. पाहुण्यांना नाही, फोटोग्राफरला तर मुळीच नाही.

तिने तीन गाणी पाठवून ठेवली होती. ती न ऐकताच मी विचारलं, "गेटपासून स्टेज किती फूट आहे?"

"मामा, मी गाण्याचं विचारतेय."

"मीपण गाण्याचंच विचारतोय, बाप्पा."

लॉन किंवा कार्यालय ठरलं की एकदा टेप घेऊन जा. नवरी जिथून निघणार तिथपासून बोहल्याच्या पहिल्या पायरीपर्यंत मोजा. आमच्या नागपुरात महाल-इतवारीकडच्या जुन्या कार्यालयांत हे 30-35 फुटांत आटोपतं. शहराबाहेरच्या लॉनवर सव्वाशे फुटांपर्यंतही मी चाललो आहे. मग नवरीला साडी नेसून चालायला लावा. एरवी जीन्समध्ये ढांगा टाकणारी पोरगी शालूत सव्वा फुटाच्या वर पाऊल टाकत नाही. आमच्या चौथीचं लॉन बेसाकडे आहे आणि मॅनेजरने फोनवर 90 फूट सांगितलंय. ते खरं धरलं तर 72 पावलं. सेकंदाला एक पाऊल हा शोभणारा वेग. डोक्यावर फुलांची चादर धरणारे भाऊ असले की ते एकदा तरी अडखळणार, फोटोग्राफर "मॅडम, इकडे" म्हणून एकदा थांबवणार; वीस सेकंद त्यांचे धरा. सगळं मिळून दीड मिनिट.

तेव्हा दीड मिनिटाचं संगीत निवडायचं आहे, पाच मिनिटांचं गाणं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात. सिनेमाच्या गाण्यात मुखड्याआधी वाद्यांचा तुकडा असतो, कधी पंधरा सेकंदांचा, कधी पाऊण मिनिटाचा. सगळ्यांना आठवतो तो मुखडा, पण वाजायला लागतो तो तुकडा. दुसऱ्या भाचीच्या वेळी हेच झालं. वर्धा रोडवरचं लॉन, संध्याकाळचं लग्न. तिने निवडलेलं गाणं गोड होतं, मीही मान डोलावली होती. आम्ही निघालो, व्हायोलिनं सुरू झाली. त्यात मी घाबरून भराभर चाललो. व्हायोलिनं संपून गायिकेने पहिला शब्द उच्चारला तेव्हा आम्ही अंतरपाटासमोर जाऊन उभे. गुरुजींनी माईक हातात घेतला, गाणं चालूच. गुरुजींनी साऊंडवाल्याकडे बघून हात हलवला आणि त्याने गाणं तोडलं, अर्ध्या शब्दावर. वरून सोनेगावला उतरणारं विमान गेलं ते वेगळंच. व्हिडिओत आजही तो तुटलेला शब्द आहे, आणि भाची तो दाखवून मला हसते.

म्हणून गाणं लावायचं असेल तर मुखड्यापासून कापून घ्या. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या अॅपमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, घरातलं कोणतंही पोट्टं करून देईल. नाहीतर सरळ नुसतं वाद्यसंगीत घ्या. त्याचा मोठा फायदा म्हणजे ते कुठल्याही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हळूच उतरवता येतं. शब्दांचं गाणं ओळ संपल्याशिवाय उतरवता येत नाही, आणि नवरी ओळीच्या हिशेबाने चालत नसते.

लय तपासायला घरच्या घरी एक सोपी रीत आहे. गाणं लावा, टाळी देत दहा पावलं टाका. पाऊल आणि टाळी आपोआप जुळली तर ठीक. अडखळलात तर ते गाणं बसून ऐकायचं आहे. केरवा तालातलं काही असेल तर बहुधा जुळतंच, कारण आठ मात्रा आणि दोन पाय यांचं आधीपासून सूत आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या आसपासची लय असेल तर दर दोन मात्रांना एक पाऊल. सहा मात्रांच्या दादऱ्यात मात्र फसगत होते. तीन-तीनचे झोके आणि पाय दोन. जोर एकदा उजव्या पायावर येतो, पुढच्या खेपेला डाव्यावर, आणि नवरी डुलल्यासारखी दिसते. दादरा हवाच असेल तर जरा जलद घ्या आणि दर तीन मात्रांना एकच पाऊल टाका. पण हे तिला आधी करून दाखवावं लागतं, ऐन वेळी सांगून जमत नाही.

आता नागपूरचं खास दुखणं. कूलर. बाहेरच्या लोकांना हे लक्षातच येत नाही. पहिलीचं लग्न मे महिन्यात, महालातल्या कार्यालयात, सकाळचा मुहूर्त. मी तेव्हा तरुण मास्तर, हौसेने संतूरची सीडी निवडली. सुंदर, पाण्याच्या थेंबासारखं वाजवणं. हॉलच्या चारही कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे कूलर, वाळ्याच्या ताट्या, पंखे पूर्ण वेगावर. संतूरचा एक थेंब कानावर पडेल तर शपथ. ताईला वाटलं साऊंडच सुरू झाला नाही. तिने खूण केली, साऊंडवाल्याने आवाज चढवला, गुरुजींचा माईक आधीच चालू होता, आणि जी शिट्टी बसली म्हणता, पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी कान धरले. तिथे मी एक धडा घेतला. कूलरची घरघर खालच्या आणि मधल्या सुरांना खाते. तिच्यावरून पार होतं ते धार असलेलं वाद्य. सनई होते, व्हायोलिन होतं, क्लॅरिनेटही होतं. एकट्या बासरीला आणि संतूरला थंडीतलं लग्न द्या. कोणी बासरीवादक प्रत्यक्ष वाजवणार असेल तर त्याला कूलरच्या तोंडासमोर बसवू नका. त्याच्या फुंकरीत कूलरची फुंकर मिसळली की सूरच धरत नाही. तबला असेल तर तोही नागपुरी उन्हाळ्यात चढतो, पुडी कोरडी होऊन ताणली जाते. वादकाला अर्धा तास आधी येऊन त्याच हॉलमध्ये लावू द्या. गाडीतून उतरला आणि वाजवायला बसला, असं करू नका.

सनई प्रत्यक्ष मिळत असेल तर माझं मत सांगतो, दुसरं काही शोधू नका. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफलीत नेली आणि 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, तरी लग्नाच्या दारातून ती हलली नाही. फक्त वादकांना सांगून ठेवा की सकाळपासून वाजवताय ते वाजवा, पण नवरी निघाली की वेगळं काहीतरी सुरू करा. नाहीतर चार तास तेच ऐकून कान बधिर झालेले असतात आणि नवरी आल्याचं कुणाला कळत नाही. निघण्याआधी अर्धं मिनिट सनई बंद ठेवली तरी पुरे. शांतता झाली की माणसं माना वळवतात.

राग वेळेचा असावा का? असला तर चांगलंच. दुपारी बाराच्या आसपासच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग इतका बसतो की उन्हातसुद्धा सावली वाटते. चार वाजता भीमपलास. गोरज मुहूर्ताला शास्त्राप्रमाणे मारवा येईल, पण तो कृपा करून टाळा. त्यात षड्ज, म्हणजे सा, लांबणीवर टाकण्याची एक बेचैनी आहे, आणि नवरी आधीच बेचैन असते. त्यापेक्षा थोडं पुढे सरकून यमन किंवा भूप घ्या, कोणी पोलीस येणार नाही. भैरवी मात्र नको. ती मैफल उठताना गातात. पाठवणीला ठेवा हवी तर.

शब्दांचंही तसंच. चाल आवडली म्हणून गाणं निवडतात आणि शब्द कोणी वाचतच नाही. ज्या गाण्यात 'बाबुल' आला ते पाठवणीचं, ते नवरी येताना लावलं तर तिची आई मांडवातच रडायला लागते आणि पुढची मंगलाष्टकं कोण म्हणणार? विरहाची गाणी तर ढिगाने लावतात. पूर्ण शब्द एका कागदावर लिहून काढा आणि घरातल्या सगळ्यांत खवट माणसाला मोठ्याने वाचायला द्या. आमच्याकडे हे काम माझ्या बायकोचं. चौथीच्या तीनपैकी एक गाणं तिने पहिल्या कडव्यालाच बाद केलं: "यातला तो परत येतच नाही काऊन?"

मुख्य गोष्ट पुढे आहे, आणि तिचा विचार फार कमी लोक करतात. नवरीचं संगीत स्वतंत्र कार्यक्रम नाही. ते मंगलाष्टकांच्या दाराशी नेऊन सोडायचं असतं. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात. ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर थांबा. एका कडव्याची 76 अक्षरं सावकाश म्हटली की पाऊण मिनिट जातं. आठ-नऊ कडवी म्हणजे सहा-सात मिनिटं, शिवाय दोन्हीकडच्या आत्या आणि मावश्या स्वतः रचलेली घेऊन रांगेत उभ्या असतात, त्यांची तीन मिनिटं वेगळी. आणि हे सगळं मुहूर्ताच्या मिनिटाला संपायला हवं. म्हणून घड्याळ उलटं मोजा. मुहूर्त 11 वाजून 52 मिनिटांचा असेल तर मंगलाष्टकं 11.42 ला सुरू. अंतरपाट धरणं, अक्षता वाटणं, नवरदेवाचा फेटा सरळ करणं यात चार-पाच मिनिटं. म्हणजे नवरीने गौरीहरावरून 11.35 ला उठायला हवं, आणि त्यासाठी मामाने 11.30 ला तिथे हजर असायला हवं, पंगतीत मठ्ठा पीत नाही. हे मी स्वतःला उद्देशून लिहितोय, ताईला माहीत आहे.

दुसरं, पट्टी, म्हणजे 'सा' पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते. शेवटी जो सूर कानात उरतो तोच धरून गुरुजी सुरू करतात, त्यांना कळतही नाही. ज्या गुरुजींनी आमच्या दोघी भाच्यांची लग्नं लावली ते पांढरी एकच्या आसपास म्हणतात. ट्रॅक काळी चारमध्ये संपला तर पहिली ओळ त्यांची भलतीच वर लागते आणि 'सावधान'ला आवाज फाटतो. हे मी पेटीवर तपासलेलं आहे. तुम्हाला पट्टी जुळवता येत नसेल तर काही बिघडत नाही, संगीत संपल्यावर पाच-सात सेकंद काहीच वाजवू नका. कान कोरा होतो. साऊंडवाल्याला ही शांतता आधी समजावून सांगावी लागते. त्याला शांतता म्हणजे बिघाड वाटतो आणि तो लगेच काहीतरी लावतो.

वरातीचा आणि या संगीताचा संबंध ठेवू नका. आपल्याकडे वरातीला धुमाल असतो, गाडीवर चढवलेला बँजो-कीबोर्ड आणि पुढे पाच-सात ताशे-ढोल. तो नाचायला उत्तम, मीही नाचतो. पण नवरदेव आत गेला तरी गेटबाहेर 'एक शेवटचं' चालू राहतं, आणि धुमालपुढे लॉनवरचे स्पीकर म्हणजे डास. एका जबाबदार काकांना नेमा. उरलेले पैसे त्यांच्याकडेच द्या आणि सांगा, वाद्यं गाडीत चढल्यावरच हातावर ठेवायचे.

तिसरीचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. जावई कामठी रोडकडचे. 1956 च्या 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली त्या शहरात अशी लग्नं आपल्या ओळखीत असतातच, तरी आमच्या घरातलं हे पहिलं, म्हणून मी बौद्धाचार्यांना आधी भेटून विचारलं. मुहूर्त नव्हता, त्यामुळे घड्याळ उलटं मोजायचं काम वाचलं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, दोघं बरोबरच आली, मामाला हात धरायचं काम नव्हतं. बौद्धाचार्य म्हणाले होते, "आत येताना काहीही मंद वाजवा; त्रिसरण-पंचशील सुरू झालं की वाद्य नको. जयमंगल अष्टगाथा सगळे मिळून म्हणतात, तिथे नुसता आवाज हवा." डिसेंबर होता, कूलर नव्हते. मी भूपातली बासरी निवडली, पाच सुरांची, साधी. ती बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लागेपर्यंत पुरली. तिघींपैकी आतापर्यंत जमलेलं लग्न म्हणाल तर ते, आणि त्यात माझं कर्तृत्व एवढंच की मी आधी विचारलं.

विचारण्यावरून आठवलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न सदरमधल्या चर्चमध्ये होतं. मुलीला इंग्रजी सिनेमात वाजते ती धून हवी होती. ती जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातली, म्हणजे संगीत नाटकातली, 1850 मध्ये वायमारला पहिल्यांदा झाली. गंमत म्हणजे ऑपेरात ती नवरी येताना नाही, लग्न आटोपल्यावर जोडप्याला त्यांच्या खोलीकडे नेताना गातात. काही चर्चमध्ये ती चालत नाही, नाटकातली म्हणून. दुसरी प्रसिद्ध धून मेंडेल्सोन या संगीतकाराची, 1842 ची. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात 25 जानेवारी 1858 ला वाजली आणि तेव्हापासून रूढ झाली. ती बाहेर पडतानाची. आत येताना ती लावली तर जाणकाराला ते भैरवीने मैफल सुरू केल्यासारखं वाटणार. चर्चमध्ये लग्न असेल तर पाळकांना आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. सिनेमाची गाणी हवीत तर ती रिसेप्शनला आहेतच.

बाकी तांत्रिक गोष्टी भराभर सांगतो. गाणं इंटरनेटवरून थेट लावू नका. फुकटच्या अॅपवर नवरी अर्ध्या वाटेत असताना एका बाईने पाइपाची जाहिरात सांगितलेली मी ऐकली आहे. फाईल उतरवून घ्या, एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर. फोन फ्लाइट मोडवर, आणि ब्लूटूथ नाही, लीड लावून. फाईलचं नाव 'नवरी 1' असंच ठेवा. साऊंडवाल्याकडे त्या दिवशी तीनशे फाईली असतात. मिक्सरला यूपीएस आहे का विचारा, कारण लाईट गेली की जनरेटर चालू होईस्तोवरचे काही सेकंद नेमके तुमचेच असतात. स्टेजवरचे स्पीकर गेटपाशी ऐकू येत नाहीत, तिथे एक छोटा वेगळा मागा. आणि नवरी निघाली ही खूण एकाच माणसाने द्यायची. आमच्याकडे तीन जणांनी दिली होती, तीन वेळा.

कोणी येऊन गाण्याच्या परवान्याचे पैसे मागितले तर माहीत असू द्या: कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीताला सूट आहे, आणि वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात स्पष्ट शब्दांत धरले आहेत. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, ते मात्र सगळ्यांना लागू.

चौथीच्या तीन गाण्यांतलं एक बायकोने बाद केलं, एक दादऱ्यात होतं. तिसरं राहिलं आहे, त्याचा मुखडा तेवढा एका व्हायोलिनवाल्या विद्यार्थ्याकडून शब्दांशिवाय वाजवून घेतोय, मात्रेला एक पाऊल धरून केरव्याची नऊ आवर्तनं (आठ मात्रांची एक फेरी) आणि थांबण्यासाठी वर दोन-तीन. पण मॅनेजरच्या 90 फुटांवर माझा भरवसा नाही. उद्या सकाळी टेप घेऊन आम्ही दोघं लॉनवर जाणार आहोत. आत्ताच तिचा मेसेज आला: मामा, चप्पल कोणती घालून येऊ? मी लिहिलं, लग्नात घालणार तीच आण. गवतावर टाच रुतते की नाही तेही बघू.